न जुळणारी गाठ
यकृतातील दुर्मिळ गाठींच्या प्रतिमानिदानावरील पुस्तकाची प्रस्तावना

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'लिव्हरमध्ये एसओएल' असे लिहून आले की रुग्णाच्या घरात फोनाफोनी सुरू होते. ओळखीतला कोणी डॉक्टर आहे का, पुतण्याची बायको नर्स आहे तिला विचारा, असे चालू राहते. त्या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच, की यकृतात जागा अडवून बसलेले काहीतरी दिसते आहे. ती पाण्याची साधी पुटी असेल, रक्तवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता म्हणजे हिमँजिओमा असेल, किंवा चरबी कुठे कमी कुठे जास्त साठल्यामुळे झालेला नुसता भास असेल. दुसऱ्या अवयवातून पसरत आलेला कर्करोगही असेल. रोज पोटाच्या सोनोग्राफी करणाऱ्याला या यादीतली पहिली पाच-सहा नावे पाठ असतात आणि बहुतेक वेळा उत्तर त्यांतच सापडते. हे पुस्तक त्या यादीच्या खाली राहिलेल्या गाठींचे आहे. त्यांतल्या काही रेडिओलॉजिस्टला अख्ख्या कारकिर्दीत एक-दोनदाच भेटतात, आणि भेटतात तेव्हाही नाव सांगून येत नाहीत.

अशा विषयावर मराठीत एवढे पुस्तक कशाला, असे कोणी विचारील. जिल्ह्याच्या गावी आता सीटी स्कॅन आहे, मोठ्या तालुक्यांतही यंत्रे आली आहेत. चित्र काढणे ही अडचण राहिलेली नाही, अडचण चित्र वाचण्याची आहे. दुर्मिळ आजाराचे पहिले चित्र मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात निघत नाही. ते लातूरला, जळगावला, सावंतवाडीला निघते. तिथे ते ज्याच्या डोळ्यांखालून जाते, त्याला त्या क्षणी काहीतरी खटकले पाहिजे. पुढच्या प्रकरणांचा खटाटोप त्या खटकण्यासाठी आहे. दुर्मिळ गाठ तिच्या खास खुणेने ओळखू येते असे पाठ्यपुस्तके सुचवतात. माझा अनुभव असा, की बहुधा ती न जुळण्याने ओळखू येते. चित्र एक सांगते आणि रुग्णाचे वय दुसरेच सांगते. सीटी एक म्हणते, सोनोग्राफी वेगळे म्हणते. गाठ आक्रमक दिसते, पण तिच्या भोवतालचे यकृत ठणठणीत असते.

न जुळणे दिसायचे तर आधी जुळणारे काय ते कळायला हवे, म्हणून थोडे यकृताविषयी. प्रौढ माणसाचे यकृत साधारण दीड किलोचे. त्याला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येते आणि उरलेले एक चतुर्थांश हृदयाकडून धमनीतून. एखाद्या शेताला कालव्याचेही पाणी असावे आणि विहिरीचेही, तसा हा प्रकार आहे. निरोगी यकृत मुख्यतः कालव्यावर जगते. यकृतातल्या बहुतेक घातक गाठी मात्र आपली सोय विहिरीवर करून घेतात. त्या धमनीच्या रक्तावर वाढतात. प्रतिमानिदानाची जवळजवळ सगळी करामत या एका फरकावर उभी आहे.

हाताच्या शिरेत आयोडीनयुक्त औषध सोडायचे (आपल्याकडे रुग्ण त्याला 'डाय' म्हणतात) आणि ते यकृतातून जाताना वेगवेगळ्या वेळी चित्रे घ्यायची. पस्तीस-चाळीस सेकंदांच्या आसपास धमनीतून आलेले औषध यकृतात पोहोचलेले असते, तेव्हा धमनीवर पोसलेली गाठ उजळते. सत्तर सेकंदांच्या सुमारास पोर्टल शिरेचे रक्त भरते आणि भोवतालचे यकृत उजळते. तीन ते पाच मिनिटांनी औषध ओसरू लागते. तेव्हा कोणती गाठ काळवंडते, कोणती उजळ राहते आणि कोणती तेव्हाच कुठे उजळायला लागते, हे पाहायचे. यकृताचा सीटी पाहणारा खरे तर एक चित्र पाहत नसतो, रक्ताचा प्रवास पाहत असतो. यातला एक टप्पा चुकला तर प्रवासाचा तेवढा भाग कायमचा हुकतो.

हे पहिल्यापासून शक्य नव्हते. लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाचा सीटी निघाला तो मेंदूचा. मेंदू श्वासाबरोबर हलत नाही. यकृत हलते. एकेक काप थांबत थांबत घेणारी ती जुनी यंत्रे यकृताच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत धमनीचा टप्पा केव्हाच संपलेला असे. १९९० च्या आसपास टेबल सरकत असतानाच नळी अखंड फिरवणारे हेलिकल सीटी आले. एका श्वासात सगळे यकृत टिपता येऊ लागले, आणि गाठ केव्हा उजळते हा प्रश्न विचारण्यात अर्थ आला. हौन्सफिल्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले तेव्हा हे सगळे अजून पुढेच होते.

या ज्ञानातून वैद्यकात क्वचित घडणारी एक गोष्ट घडली. कर्करोगाचे निदान सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय करायचे नाही, हा नियम. यकृताच्या नेहमीच्या कर्करोगाने, हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमाने, त्याला अपवाद मिळवला. सिऱ्होसिस झालेल्या यकृतात गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली आणि पुढच्या टप्प्यांत भोवतालापेक्षा काळवंडली, म्हणजे 'वॉशआउट' दिसला, तर ठरावीक अटींवर बायोप्सीशिवाय निदान मान्य होते. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २०११ पासून लाय-रॅड्स या नावाने या वाचनाचे नियम बांधून दिले आणि ते वेळोवेळी सुधारले. आज आपल्याकडच्या रिपोर्टांतही 'एलआर-४', 'एलआर-५' असे आकडे सर्रास दिसतात.

आकडे दिसतात, पण त्यांची अट विसरली जाते. लाय-रॅड्स सिऱ्होसिस किंवा जुनाट हेपटायटिस बी असलेल्या प्रौढांसाठी आहे. अठरा वर्षांखालच्या रुग्णांना ते लागू नाही. बड-किआरीसारख्या, यकृतातल्या शिरा तुंबण्याच्या आजारांतही ते लागू नाही, कारण तिथे निरुपद्रवी गाठीसुद्धा धमनीच्या टप्प्यात झगझगतात. निरोगी यकृताच्या तरुण मुलीच्या रिपोर्टवर 'एलआर-५', म्हणजे नक्की यकृत कर्करोग, असे लिहिलेले मी पाहिले आहे. गाठ उजळली होती, काळवंडलीही होती, सगळे मोजमाप नियमाप्रमाणे होते. फक्त नियमच तिच्यासाठी नव्हता. या पुस्तकातल्या निम्म्याअधिक गाठी याच फटीत राहतात.

त्यांतली सगळ्यात शिकवणारी गाठ फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा. ह्यू एडमंडसन यांनी १९५६ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीच्या यकृतातल्या गाठीचे वर्णन केले तिथून तिची नोंद सुरू होते. वेगळा आजार म्हणून तिची ओळख पक्की व्हायला १९८० उजाडले. यकृताच्या प्राथमिक कर्करोगांत ती शंभरात एकही भरत नाही. होते कोणाला, तर किशोरांना आणि तरुणांना. दारू नाही, कावीळ झालेली नाही, सिऱ्होसिस नाही. अल्फा-फिटोप्रोटीन या रक्तचाचणीकडे डॉक्टर आधी वळतात, पण ती बहुधा नॉर्मल येते. पोटात अधूनमधून दुखते, वजन थोडे उतरते, आणि परीक्षेच्या ताणावर सगळे ढकलले जाते. सोनोग्राफी होते तेव्हा गाठ बऱ्याचदा दहा सेंटिमीटरच्या पुढे गेलेली असते.

चित्रात ती मोठी, खडबडीत कडांची, मध्यभागी ताऱ्यासारखा व्रण असलेली दिसते. अडचण अशी, की मधल्या व्रणासाठी प्रसिद्ध असलेली दुसरी एक गाठ आहे, फोकल नोड्युलर हायपरप्लासिया. ती संपूर्ण निरुपद्रवी, हिमँजिओमाच्या खालोखाल आढळणारी, तरुण स्त्रियांत विशेष, आणि तिला बहुतेक वेळा हातसुद्धा लावायचा नसतो. म्हणजे तोच वयोगट, तेच निरोगी यकृत, तोच मधला व्रण. एकीत मोठी शस्त्रक्रिया, दुसरीत घरी पाठवणी. दोन्हींमधला फरक तपशिलात असतो. एमआरआयच्या टी-टू चित्रात निरुपद्रवी गाठीचा व्रण सहसा पांढरा दिसतो, कारण त्यात रक्तवाहिन्या आणि सैल ऊती असतात. फायब्रोलॅमेलरचा व्रण घट्ट तंतूंचा, म्हणून सहसा काळा. साध्या सीटीत त्या व्रणात कॅल्शियमचे ठिपके दिसले तर पारडे कर्करोगाकडे झुकते, कारण दुसऱ्या गाठीत ते जवळजवळ नसतातच. इंजेक्शनच्या आधीचा साधा सीटी म्हणजे वाया गेलेले रेडिएशन, असे मानून तो गाळणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा.

तिसरी कसोटी एमआरआयच्या एका खास औषधाची. गॅडोक्सेटिक आम्ल हे गॅडोलिनियमचे औषध यकृताच्या पेशी स्वतःत ओढून घेतात आणि पित्तातून बाहेर टाकतात. दिलेल्या औषधापैकी सुमारे निम्मे या वाटेने जाते. इंजेक्शननंतर वीस मिनिटांनी चित्र घेतले की काम करणारे यकृत उजळलेले असते. ज्या गाठीत यकृताच्या खऱ्या पेशी आणि औषध आत घेणारी त्यांची दारे शाबूत आहेत, तीही उजळते. फोकल नोड्युलर हायपरप्लासिया उजळते, फायब्रोलॅमेलर बहुधा अंधारी राहते. 'सहसा', 'बहुधा' हे शब्द या पुस्तकात वारंवार येतील. ते कंटाळवाणे वाटले तरी गाळू नयेत, ही लेखकांची भूमिका मला पटते. एकेका खुणेला अपवाद आहेत. तीन खुणा एका दिशेला बोट दाखवू लागल्या की मग बोलावे.

या गाठीची पुढची गोष्ट प्रतिमांच्या बाहेरची आहे, तरी सांगितल्यावाचून राहवत नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले, की तपासलेल्या पंधराच्या पंधरा फायब्रोलॅमेलर गाठींत १९ व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून दोन जनुके एकमेकांना जोडली गेली आहेत. त्या संशोधकांत शाळेत असताना कामाला लागलेली एक मुलगी होती आणि तिला स्वतःला लहानपणी हाच कर्करोग झालेला होता. आता बायोप्सीच्या तुकड्यात ती जोडणी शोधता येते. पण कोणत्या तुकड्यात शोधायची हे आधी कोणीतरी चित्र पाहून सुचवावे लागते. पॅथॉलॉजिस्टकडे तुकडा जाताना कागदावर नुसते 'लिव्हर मास' लिहिलेले असेल तर तो तरी काय करणार.

ॲडेनोमाचे प्रकरण वाचताना वाचकाला रुग्णाच्या औषधांची पिशवी उलगडून पाहायची सवय लागेल. १९७३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये गर्भनिरोधक गोळ्या आणि यकृतातल्या या गाठींचा संबंध प्रथम ठळकपणे मांडला गेला. गोळ्यांतले हार्मोनचे प्रमाण पुढे खूप घटले. पण आता व्यायामशाळेत स्नायू फुगवण्यासाठी स्टेरॉइड घेणारी मुलेही या प्रकरणात येतात. बोर्दोच्या फ्रेंच गटाने जनुकांवरून या गाठींचे पोटप्रकार पाडले, आणि एमआरआयला त्यांतले काही ओळखता येतात. एकात चरबी खच्चून भरलेली असते, दुसरा टी-टू चित्रात विशेषतः कडेला पांढरा दिसतो. बीटा-कॅटेनिनचा प्रकार घातक व्हायची शक्यता अधिक, आणि पाच सेंटिमीटरपुढची गाठ फुटून रक्तस्राव होण्याची भीती. पुरुषाच्या यकृतातला ॲडेनोमा लहान असला तरी शल्यचिकित्सक तो काढण्याकडे झुकतात.

आता ज्या प्रकरणासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडीन त्याविषयी. अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग. यकृतात तो फार क्वचित होतो आणि झाल्यावर रुग्ण फार काळ राहत नाही. त्याच्या इतिहासात आमच्या शाखेचाच हात आहे.

१९३० च्या सुमारास जर्मनीतून थोरोट्रास्ट नावाचे औषध बाजारात आले. थोरियम डायऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत ठेवलेले. एक्स-रे अडवण्यात थोरियमची बरोबरी करणारे त्या काळी फारसे काही नव्हते. शिवाय रुग्णाला टोचल्यावर मळमळ नाही, जळजळ नाही. पोर्तुगालचे एगास मोनिझ मेंदूच्या रक्तवाहिन्यांची चित्रे काढत होते, त्यांनीही ते वापरले. शिरेतून दिले की यकृत आणि प्लीहा साध्या एक्स-रेवर लख्ख उमटत. यकृताचे चित्र म्हणून काही हाती लागण्याचा तो जवळजवळ पहिलाच काळ होता, आणि डॉक्टर हरखून गेले असतील तर नवल नाही.

ते उमटत, कारण यकृतातल्या कचरा गिळणाऱ्या पेशी ते कण गिळून बसत आणि शरीराला त्यांचा निचरा करता येत नसे. थोरियम किरणोत्सारी आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४०० कोटी वर्षे. म्हणजे एकदा टोचलेले औषध माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या यकृतात अल्फा कण सोडत राहणार. अशा पदार्थाविषयी इशारे सुरुवातीलाच दिले गेले होते. तरी ते १९५० च्या दशकापर्यंत वापरात राहिले. चित्र आज हवे होते आणि धोका वीस-तीस वर्षांनी येणार होता, हे त्याचे साधे कारण. १९४७ मध्ये थोरोट्रास्ट दिलेल्या रुग्णाच्या यकृतातल्या अशा कर्करोगाची नोंद प्रसिद्ध झाली आणि पुढे जर्मनी, डेन्मार्क, पोर्तुगाल, जपान इथे अशा रुग्णांचा दशकानुदशके पाठपुरावा झाला. त्यांच्या पोटाचे एक्स-रे आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. इंजेक्शन न देताच यकृत, आक्रसलेली प्लीहा आणि लसिकाग्रंथी धातूसारख्या पांढऱ्या दिसतात. चित्रासाठी दिलेले औषध चित्रातून कधी गेलेच नाही.

दुसरा धागा कारखान्याचा. जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने जाहीर केले, की केंटकीतल्या लुईव्हिल इथल्या तिच्या पीव्हीसी बनवणाऱ्या कारखान्यातले काही कामगार यकृताच्या अँजिओसार्कोमाने दगावले आहेत. कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच वर्षी तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तीन हा आकडा फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत कोणी मनावरही घेतला नसता. पण हा रोग एवढा विरळा, की एका आवारात तीन म्हटल्यावर शंकेला जागा उरली नाही. विनाइल क्लोराइड वायू दोषी ठरला आणि हवेतली त्याची मर्यादा अमेरिकेत दहा लाखांत ५०० भागांवरून एका भागावर आणली गेली. रुग्णाचा व्यवसाय विचारणे हे रेडिओलॉजिस्टचे काम नाही असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावे.

आणि चित्र? ते फसवे असते. अँजिओसार्कोमा रक्ताने भरलेला, म्हणून वरवर पाहता हिमँजिओमासारखा वाटू शकतो. पण हिमँजिओमा नियम पाळतो. तो कडेने, तुटक गोळ्यांनी भरायला लागतो, हळूहळू मध्याकडे भरत जातो, आणि प्रत्येक टप्प्यात त्याचा उजळपणा महाधमनीतल्या रक्ताशी मिळताजुळता राहतो. अँजिओसार्कोमा मध्येच उजळतो, वेड्यावाकड्या आकारात उजळतो, आणि रक्ताशी त्याचा मेळ बसत नाही. त्यातच अनेक गाठी, आत रक्तस्राव, प्लीहेतही ठिपके. 'अनेक हिमँजिओमा' असे लिहिण्याआधी त्यांतला प्रत्येक खरोखर नियम पाळतो का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. सुई टोचली तर रक्तस्रावाचा धोका मोठा, हे शल्यचिकित्सकाला आधी कळले तर त्याचा बेतही बदलतो.

याच घराण्यातली सौम्य चुलत बहीण म्हणजे एपिथेलिऑइड हिमँजिओएन्डोथेलिओमा. नाव उच्चारता उच्चारता दम लागतो, आणि आजारही तसाच रेंगाळणारा. वाइस आणि एन्झिंगर यांनी १९८२ मध्ये शरीरातल्या मऊ ऊतींत तिचे वर्णन केले, यकृतातली त्यानंतर लवकरच नोंदली गेली. मध्यमवयीन स्त्री, यकृताच्या कडेकडेने बऱ्याच गाठी, कुठे त्या एकमेकींत मिसळलेल्या. पहिला विचार येतो पसरलेल्या कर्करोगाचा आणि मग मूळ कर्करोग शोधण्यात महिने जातात. इथे न जुळणारी गोष्ट दोन ठिकाणी असते. गाठीवरचे यकृताचे आवरण बाहेर फुगण्याऐवजी आत ओढलेले असते, आणि एवढ्या गाठी असून रुग्ण बऱ्यापैकी हिंडता-फिरता असतो. शीर गाठीपर्यंत येऊन तिच्या कडेला अचानक संपते, याला रेडिओलॉजिस्टांनी लॉलीपॉपची उपमा दिली आहे. आमच्या शाखेला खाऊची, फुलांची, बेटांची उपमा देण्याची खोड आहे. परीक्षेत ती उपयोगी पडते, एरवी तिच्या मोहाने चित्रात लॉलीपॉप दिसायला लागतात. या आजारात अनेक रुग्ण वर्षानुवर्षे जगतात आणि यकृत प्रत्यारोपणाचाही विचार होतो. 'मेटास्टॅसिस' हा शब्द लवकर लिहून टाकला तर ती वाट रुग्णाला कोणी दाखवतच नाही.

लहान मुलांचे प्रकरण स्वतंत्र आहे आणि ते तसेच हवे होते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या यकृतात मोठी घन गाठ आणि रक्तात अल्फा-फिटोप्रोटीन भरमसाठ वाढलेले असेल, तर हेपॅटोब्लास्टोमा आधी मनात येतो, आणि तो बराच बरा होऊ शकणारा कर्करोग आहे. खरी परीक्षा घेतो तो सहा ते दहा वर्षांच्या मुलांत दिसणारा अनडिफरन्शिएटेड एम्ब्रियोनल सार्कोमा. सीटीत आणि एमआरआयत तो पाण्याने भरलेल्या पुटीसारखा दिसतो, कारण त्याच्या आतला चिकट, पाणीदार द्राव यंत्राला पाण्यासारखाच भासतो. सोनोग्राफीत तो घन दिसतो. स्वस्त, जुने, गावातले यंत्र खरे बोलत असते आणि महागडे यंत्र फसत असते. सीटी आला म्हणून सोनोग्राफीचा कागद फेकून देण्याची आपली रीत इथे घातक ठरते.

आपल्याकडे ही चूक आणखी एका दिशेने होते. मुलाच्या यकृतात पुटी म्हटली की आपण हायडॅटिड म्हणतो, कारण कुत्र्यांतून येणारा तो परजीवी आपल्याला चांगला ओळखीचा आहे. ट्युनिशियाच्या हसन गरबी यांनी १९८१ मध्ये सोनोग्राफीवरून त्याच्या अवस्था लावून दिल्या आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्या सुधारून घेतल्या. सुटून आत तरंगणारे अस्तर, पुटीत पुटी, ही चिन्हे स्पष्ट असतील तर निदान पक्के. नसतील तर दोन्ही बाजूंनी भीती असते. हायडॅटिडमध्ये न जाणता सुई गेली तर तीव्र ॲलर्जीने जिवावर बेतू शकते, आणि सार्कोमाला हायडॅटिड समजून महिनोन्महिने अल्बेन्डाझोल दिले तर वेळ जातो. मोठ्या माणसांत हाच गोंधळ अमीबाच्या गळवांचा, क्षयाच्या गाठींचा आणि नुसत्या सुजेने तयार झालेल्या खोट्या गाठींचा. परदेशी पुस्तकांत ही सगळी 'इतर' म्हणून एका परिच्छेदात येतात. इथे त्यांना पूर्ण प्रकरण आहे, आणि त्यासाठी लेखकांचे अभिनंदन करायला हवे.

रिपोर्ट कसा लिहावा या प्रकरणाशी मात्र माझे थोडे भांडण आहे. ते फार सभ्य आहे. रिपोर्टच्या शेवटी 'क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड' लिहून सुटका करून घेणे हा आपल्या शाखेचा जुना रोग आहे, आणि लेखकांनी त्याला हळूच चिमटा काढला आहे. मी असतो तर बडगाच उगारला असता. दुर्मिळ गाठीत क्लिनिकल माहिती म्हणजेच निम्मे निदान. वय, सिऱ्होसिस आहे की नाही, कोणती औषधे, कोणते काम, जुना कर्करोग, अल्फा-फिटोप्रोटीन किती. हे विचारायला फोन उचलावा लागतो. फोननंतर लिहिलेला रिपोर्ट चार ओळींचा असला तरी चालेल. त्यात हे आले पाहिजे : गाठ नेहमीच्या यकृत कर्करोगाशी कुठे जुळत नाही, मनात कोणती दोन किंवा तीन नावे आहेत, आणि त्यांत निवड करायला पुढची कोणती तपासणी उपयोगी पडेल. लाय-रॅड्समध्येही 'एलआर-एम' नावाचा एक कप्पा आहे, 'घातक वाटते, पण नेहमीची नाही' असे सांगणारा. तो वापरायला आपल्याकडचे लोक कचरतात. निदान अपुरे राहिले असे त्यांना वाटते. रुग्णाच्या दृष्टीने तो कप्पा म्हणजे योग्य ठिकाणी वेळेवर बायोप्सी.

सुईला पर्याय म्हणून प्रतिमेकडे पाहणाऱ्यांची थोडी निराशा या पुस्तकाने होईल. नेहमीच्या कर्करोगाने मिळवलेला अपवाद दुर्मिळ गाठींना मिळालेला नाही आणि नजीकच्या काळात मिळेल असे मला वाटत नाही. अपवाद मिळायला हजारो रुग्णांची चित्रे आणि तेवढेच तुकडे शेजारी ठेवून पाहावे लागतात. इथे एकेका रुग्णालयात जन्मभरात मूठभर रुग्ण. संगणकाला चित्रे वाचायला शिकवण्याच्या प्रयत्नांचीही हीच अडचण आहे. जे यंत्राने फार थोडे पाहिले, ते त्याला ओळखीच्या नावात बसवायचा मोह होतो, आणि इथे यंत्र माणसापेक्षा वेगळे नाही.

म्हणून चित्रे एका ठिकाणी यायला हवीत. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, शल्यचिकित्सक आणि औषधोपचार करणारे एकाच टेबलाशी बसून एकेका रुग्णाची चित्रे पाहतात. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरची कर्करोग रुग्णालये एकमेकांना जोडली आहेत. पण गावातून निघालेला रुग्ण तिथे बहुधा फिल्मची पिशवी घेऊन पोहोचतो, आणि तिच्यात निवडक चित्रे चिकटवलेली असतात. धमनीचा टप्पा कोणता, पोर्टलचा कोणता, हे त्यांवरून नीट कळत नाही, मग सगळा सीटी पुन्हा होतो. पैसे पुन्हा, इंजेक्शन पुन्हा, रेडिएशनही पुन्हा. पुस्तकाच्या अखेरीस जोडलेली दोन पाने म्हणूनच मला महत्त्वाची वाटतात. यकृताच्या सीटीत आणि एमआरआयत कोणकोणते टप्पे असायला हवेत, इंजेक्शननंतर किती सेकंदांनी, आणि रुग्णाला सीडी किंवा पेन ड्राइव्हवर पूर्ण अभ्यास कसा द्यावा, हे त्यांत साध्या मराठीत आहे. ती पाने तंत्रज्ञांनी कन्सोलच्या शेजारी चिकटवावीत, आणि लेखकांनी त्यांच्या छायाप्रती काढायला कोणाचीही परवानगी लागू नये अशी सोय करावी.